गवत भिजवून घाला

सन १९५८, आश्विनातला मंगळवार, सकाळचे नऊ. जामसंड्यात आमच्या वाडीतल्या बाबी टांगेवाल्याचा गोठा. हजर : बाबी, त्याची बायको, मी आणि गुरांचे डॉक्टर. तपासणीबद्दल डॉक्टरांनी घेतलेली रक्कम : काही नाही. त्या दिवशी त्यांनी पाच रुपये मागून घेतले असते तर आज मला हे लिहायला बसावे लागले नसते.

डॉक्टर गोठ्यात शिरले ते नेहमीसारखे, कोणाकडे न बघता. धन्याला नमस्कार करायच्या आधी जनावराच्या नाकपुड्यांसमोर तळहात धरायचा, ही त्यांची सवय. हात तसाच धरून ते डोळे मिटत. तुम्ही पाहिले असते तर तुम्हालाही वाटले असते की हा माणूस जप करतोय. तेवढ्यात धनी आपली हकिगत सुरू करी, तर डॉक्टर डोळे न उघडता म्हणत, "थांबा. जनावर खोटं बोलत नाही, आधी त्याचं ऐकू." धन्याच्या तोंडावर, त्याच्याच गोठ्यात उभे राहून! अशा माणसाचे खेड्यात किती दिवस बरे चालणार?

ते घाटावरचे. आमच्याकडे येऊन त्यांना तेव्हा चार वर्षे झाली होती. एकटे राहत, खानावळीत जेवत. पहिल्या महिन्यात बांगड्याचा काटा घशात अडकवून घेतला, तेव्हा खानावळवाल्या काकींनी त्यांना भाताचे सहा गोळे न चावता गिळायला लावले. पुढे ते मासे सफाईने खाऊ लागले, पण प्रत्येक काटा ताटाच्या कडेला ओळीने मांडीत. त्यांच्याकडे एक सायकल होती. आमचे चढउतार असे, की चढाला ती ढकलावी लागे आणि उताराला तिचे ब्रेक लागत नसल्यामुळे धरून ठेवावी लागे. चार वर्षांत त्यांना सायकलवर बसलेले मी दोनदा पाहिले.

माझी त्यांची ओळख माझ्या म्हशीमुळे. म्हैस दूध चोरायला लागली म्हणून मी त्यांना बोलावले. ते आले, हात नाकासमोर धरला, मग अर्धा तास पायरीवर बसून नुसते म्हशीकडे बघत राहिले. उठताना म्हणाले, "दावं हातभर वाढवा. तिला नीट बसता येत नाही." मी दावे वाढवले. चौथ्या दिवशी दूध पूर्ववत. मी बंदरावर मालाच्या नोंदी ठेवणारा माणूस. आकडा दिसला की माझा विश्वास बसतो. शेराचा हिशेब जुळला आणि मी त्या माणसाचा झालो.

पण वाडीत ते सांगितले तर लोक हसले. "दाव्याक हातभर सूंब जोडूक डाक्टर कित्याक होयो रे?" आजारी गुरांना तापल्या विळ्याने डाग देणारे तात्या म्हणाले. "ता माका इचारलं आसतंस तर मी पण सांगलं आसतंय." मग आधी का नाही सांगितले, हे विचारायचे मला त्या वेळी सुचले नाही. सुचते ते नेहमी उशिरा.

आता घोड्याकडे येतो. अख्ख्या पंचक्रोशीत तो एकच घोडा. बाबीने बैलगाडी विकून, बायकोच्या पाटल्या मोडून कोल्हापूरकडून तो आणला होता. रंगाने तांबडा, म्हणून नाव तांबडो. मुंबईची बोट लागली की बंदरावरून माणसे आणि ट्रंका वर आणायच्या, यावर बाबीचे घर चाले. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे घोडा चार महिने गोठ्यात. गोठा कोकणातला, ठेंगणा, एका दाराचा. वर माळ्यावर गवत आणि खाली मच्छरांसाठी संध्याकाळी धुरी. बैलासाठी आम्ही जे करतो ते सगळे बाबीने घोड्यासाठी प्रेमाने केले. श्रावणात खोकला सुरू झाला. आश्विनात बोटी लागल्या तेव्हा घोड्याची धाप ओटीवरून ऐकू येत होती. श्वास सोडताना पोट दोनदा आत जाई, आणि बरगड्यांखाली दोरी ओढल्यासारखी रेघ उठे.

डॉक्टरांनी डोळे उघडले आणि माळ्याकडे बोट केले. "हे गवत कधीचं?"

"गेल्या वर्साचा," बाबी म्हणाला. "कित्याक?"

डॉक्टरांनी एक पेंढी ओढून खांबावर आपटली. करडी भुकटी उडाली, मला शिंका आल्या आणि घोडा मान खाली घालून असा खोकला की बाबीच्या बायकोने कानांवर हात ठेवले.

"ही बुरशी हा रोज ओढतोय. वर आणि धुरी. याला बाहेर आंब्याखाली बांधा. गवत भिजवून घाला, निथळून. धुरी बंद. महिनाभर टांग्याला लावू नका."

"आणि सुई?"

"सुई नको."

"मगे वखद?"

"तेच सांगितलं की! गवत भिजवून घाला."

बाबीने माझ्याकडे पाहिले. "ह्यां वखद? तुमी माका बोलवूक लायलात तां ह्येच्यासाटी?" मग डॉक्टरांकडे वळून, "साहेब, पैशाचो इचार करू नका. म्हागातली सुई मारा. हो घोडो गेलो तर मी गेलंय."

"तो जाऊ नये म्हणूनच सांगतोय," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी त्यांच्या मागोमाग विहिरीवर गेलो. म्हटले, "डॉक्टर, एक करा. नुसत्या पाण्याची सुई टोचा. पाच रुपये घ्या, दहा घ्या. मग सांगा, सुई लागू पडायला गवत भिजवावं लागतं. महिनाभर काय, वर्षभर भिजवील तो."

"खोटी सुई मी देत नाही."

"घोडा वाचेल."

"तुम्ही बंदरावर एक पोतं जास्त लिहाल का? कोणाचं तरी भलं होतं म्हणून?"

 त्या वेळी मला तो जबाब फार बाणेदार वाटला. आज संताप येतो, त्यांचाही आणि माझाही. पोते आणि घोडा यांत फरक आहे, पोत्याला धाप लागत नाही, एवढे साधे उत्तर मला त्या विहिरीवर देता आले नाही.

तरी बाबीच्या बायकोने ऐकले. पहाटे उठून ती गवत परातीत भिजवी, निथळू देई, मग आंब्याखाली नेऊन घाली. पाणंदीने जाणाऱ्या बायका विचारीत, "काय गो, आज गवताची आंघोळ झाली? साबण लायलंस मा?" ती म्हणे, "लायलंय. तुझ्या घोवाक पण धाड, तेका पण घालतंय." आणि परत वाकून कामाला लागे.

मी रोज सकाळी घड्याळ घेऊन तिथे उभा राहत असे. डॉक्टरांनी शिकवले होते : पोटाकडे बघायचे, मिनिटभर मोजायचे. चांगल्या घोड्याला मिनिटाला दहा-बारा श्वास पुरतात, असे ते म्हणाले होते. मंगळवारी चौतीस होते. बुधवारी तेहतीस, गुरुवारी तीस, शुक्रवारी सत्तावीस, शनिवारी चोवीस. हे आकडे मी एका चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवली. शनिवारी घोड्याने बाबीच्या टोपीला तोंड लावले, तेव्हा बाबी पोरासारखा हसला.

आणि रविवारी बोट आली.

मी बंदरावर होतो. बाबी टांगा घेऊन उभा! मी धावत गेलो. "बाबी, डॉक्टरांनी महिना सांगितलाय!"

"तां वखदाचा म्हयनो आसता. वखद खंय दिलानी? आणि बगा तरी, चोवीसार इलो मा? तुमीच सांगलात."

माझाच आकडा त्याने माझ्या तोंडावर मारला. आकडा रोज उतरताना मी पाहिला होता, पण चढावर घोड्याचे काय होईल हे सांगायला माझ्याकडे आकडा नव्हता. टांग्यात चौघांचे मुंबईकर कुटुंब बसले, तीन ट्रंका चढल्या. अर्ध्या चढावर घोडा थांबला. चारही पाय फाकून, मान लांब करून उभा. नाकपुड्या एवढ्या फुगलेल्या की आतला लाल रंग दिसत होता. मुंबईकर खाली उतरला आणि रस्त्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "काय रे, टांगो आमका व्हरतलो, काय आमी टांग्याक?"

लोक हसले. बाबीने घोडा सोडला, ट्रंका स्वतःच्या डोक्यावरून एकेक करून वर नेल्या. भाडे घेतले नाही. त्या संध्याकाळी वाडीत एकच वाक्य फिरत होते : पाण्यान घोड्याक गुण येवक नाय. तात्या ओटीवर बसून म्हणाले, "गरी नाय तो गरवूक बसलो तर मासो गावात काय? तसो सुई नसलेलो डाक्टर." गळाला आम्ही गरी म्हणतो. वाक्य चांगले होते. चांगल्या वाक्याने आमच्याकडे कोणताही वाद जिंकता येतो.

बुधवारी सकाळी देवळात कौल लावायचे ठरले. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. माझी त्यावर श्रद्धा होती आणि आजही आहे. मुलीच्या लग्नाला मी कौल लावूनच हो म्हटले. तेव्हा देवावर माझा राग नाही, हे आधीच नोंदवून ठेवतो.

गुरवाने कळ्या लावल्या. आम्ही वीस-पंचवीस माणसे हात जोडून उभे. गाऱ्हाणे तात्यांनी घातले.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या घोड्याक धाप लागली आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"डाक्टर झालो, पाणी झाला, गुण पडूक नाय म्हाराजा! आता तेका डाग दिल्यार गुण येतलो आसात, तर उजवो कौल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता. चौतीस, तेहतीस, तीस, सत्तावीस, चोवीस ही चिठ्ठी माझ्या खिशात होती. एक पाऊल पुढे होऊन मी म्हणू शकलो असतो, की देवाला गवताचेही विचारा. महिनाभर भिजवून घालावे काय, एवढे विचारा. मला कोणी अडवले नसते. कौलाला दुसरा प्रश्न विचारता येतो, आम्ही नेहमी विचारतो. पण गवत हा प्रश्नच आहे असे कोणाला वाटले नाही. देवाला काही विचारायचे तर ते खर्चाचे नाहीतर दुखवणारे हवे. परातीतल्या ओल्या गवतासाठी कौल मागितला असता तर लोक देवासमोर हसले असते. मी त्या हसण्याला भ्यालो.

उजवी कळी पडली. जे विचारले त्याचे उत्तर देवाने दिले.

डाग त्याच सकाळी दिला. तात्यांनी जन्मात बैल-रेड्यांशिवाय कशाला हात लावला नव्हता. मी तसे म्हटले, तर विळा निखाऱ्यांत सारीत ते म्हणाले, "घोडो म्हणजे काय रे? शिंगां नसलेलो बैल." दोन्ही बाजूंच्या बरगड्यांवर तीन-तीन. सहा माणसांनी धरला होता तरी पहिल्या डागाला त्याने त्या सगळ्यांना ओढत नेले. तिसऱ्यापासून तो हललाच नाही, आणि याला तात्या 'गुण' म्हणाले. तात्यांनी सव्वा रुपया, एक नारळ आणि दोन पायली तांदूळ घेतले. बाबी घाम पुसत मला म्हणाला, "आता कसा, काय तरी केल्यासारक्या वाटता."

या वाक्यावर मी दहा वर्षे विचार करतोय. काहीतरी केल्यासारखे वाटणे! त्यासाठी आम्ही जनावर भाजतो, पोरांना नको ती औषधे पाजतो, म्हातारीला मरताना गाडीत घालून दहा मैल नेतो. नुसते शांत राहून, रोज सकाळी तेच गवत तसेच भिजवायचे, हे आम्हाला जमत नाही.

डाग दिला की जखमेला वारा लागू द्यायचा नाही आणि माशी बसू द्यायची नाही, हा आमचा नियम. म्हणून घोडा परत गोठ्यात. दाराला माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधले, आत ओल्या पाल्याची धुरी. बैलावर ते चालते. याला ज्यातून बाहेर काढले होते, नेमके त्यातच नेऊन कोंडले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. कोणी बोलावले नव्हते. बाबी दारात उभा राहिला, झाप सोडीना. "नको साहेब, वारो लागात. कौल झालो आसा."

डॉक्टर भिंतीला कान लावून उभे राहिले. मी शेजारी. आतला श्वास मलाही मोजता येत होता. मी चव्वेचाळीसपर्यंत मोजले आणि थांबलो.

"चला, आपण दोघं मिळून झाप तोडू," मी म्हटले.

"धनी नाही म्हणतोय," ते म्हणाले. "जनावर त्याचं आहे."

"तुम्हीच म्हणता ना, धनी खोटं बोलतो, जनावर नाही? मग जनावर काय सांगतंय ते ऐकू येत नाही तुम्हाला?"

"येतंय," डॉक्टर म्हणाले. बस्स, एवढेच. सायकल धरून ते पाणंदीने निघून गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघून मोठ्याने शिवी दिली. त्यांना ऐकू गेली असावी, कारण ते क्षणभर थांबले होते. झाप मी तरी एकट्याने का तोडला नाही, हे मला विचारू नका. बाबी माझा शेजारी होता.

पाचव्या दिवशी बाबी पाण्याला गेला असताना त्याच्या बायकोने झाप बाजूला केला. तिने मला हे पुष्कळ नंतर सांगितले. "तेणा तोंड भायर काढल्यान आणि माझ्या खांद्यार ठेवन उभो रवलो. मी पण हललंय नाय. माझा लुगडा पुरा भिजला. मगे हे इले." सहाव्या दिवशी सकाळी घोडा मेला. दोन बैलांनी त्याला ओढून मळ्याच्या टोकाला नेले आणि चार माणसांनी खड्डा खणला. ते पाहायला मी गेलो नाही.

दोष कोणाला द्यायचा, यासाठी मात्र कौलाची गरज पडली नाही. आठवड्याभरात अर्ज तयार झाला. सह्या नऊ, अंगठे अठरा. पहिला अंगठा तात्यांचा, दुसरी सही बाबीची. मजकूर असा, की सदर डॉक्टरांनी आजारी घोड्यास औषध अगर इंजेक्शन देण्यास साफ नकार दिला, सबब घोडा मयत झाला. अर्ज माझ्याकडे आणला. पहिले वाक्य खरे होते, दुसरेही खरे होते. मधला 'सबब' तेवढा खोटा होता.

मी सही केली नाही. पण अर्जात डॉक्टर येऊन गेल्याचा वार गुरुवार लिहिला होता, तो चूक होता. मी पेन काढून मंगळवार केला. हिशेबी माणसाला चुकीचा वार सहन होत नाही! सही केली नाही म्हणून त्या रात्री मला स्वतःबद्दल बरे वाटले, आणि त्याच माझ्या दुरुस्तीमुळे तो अर्ज दवाखान्याच्या नोंदवहीशी तंतोतंत जुळला.

वरून खुलासा मागवला गेला. औषध का दिले नाही? डॉक्टरांनी एका ओळीत उत्तर लिहिले : गरज नव्हती. मला दाखवले. मी म्हटले, "अहो, आणखी चार ओळी लिहा! बुरशी लिहा, धुरी लिहा, आकडे मी देतो." ते म्हणाले, "ज्यांना कळतं त्यांना एक ओळ पुरते." ज्यांना कळते ते बदलीचे हुकूम काढायला बसलेले नसतात, एवढे चाळीस वर्षांच्या माणसाला कळू नये? मार्गशीर्षात बदलीचा हुकूम आला. उत्तरेकडच्या एका तालुक्यात, बोटीने जायचे.

त्यांना पोचवायला मी एकटाच होतो. सायकल त्यांनी खानावळवाल्या काकींना देऊन टाकली होती. उरली एक ट्रंक आणि वळकटी. धक्क्यावर हमाल हवा होता आणि पुढे झाला तो बाबी. घोडा गेल्यावर तो बंदरावर ओझी वाहू लागला होता. त्याने डॉक्टरांना पाहिले आणि मागे सरू लागला. दुसरा हमाल रिकामा नव्हता.

"काय घेशील?" डॉक्टरांनी विचारले.

"आठ आणे." नवे पैसे येऊन वर्ष होऊन गेले होते, पण आमचे व्यवहार आण्यांतच चालत.

ट्रंक पुस्तकांनी जड होती. बाबीने ती डोक्यावर घ्यायला कलती केली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "डोक्यावर नको. एका बाजूची कडी मी धरतो."

"नको साहेब."

"धर म्हणतो ना!"

दोघे ट्रंक मध्ये धरून धक्क्याच्या पायऱ्या उतरले. खाली बोटीपर्यंत नेणारा पडाव उभा होता. मी वळकटी घेऊन मागे. बाबी काहीतरी बोलेल असे मला वाटत होते. घोड्याचे नाव काढील, अर्जाचे काढील, निदान मान तरी वर करील. तो ट्रंकेच्या कडीकडे बघत राहिला. डॉक्टरांनी पडावात बसल्यावर खिशात हात घातला. माझ्याकडे बघून एवढेच म्हणाले, "म्हशीचं दावं पुन्हा आखूड करू नका."

ठरले होते आठ आणे. डॉक्टरांनी एक रुपया दिला, बाबीला.